बाहेरून कडी

मी, ओधवजी त्रिकमजी वडगामा, जात गुर्जर सुतार, वय सुमारे चौऱ्याहत्तर, धंदा दारे, चौकटी व शटर बनवणे, बसवणे आणि दुरुस्त करणे, राहणार खंभालिया नाक्याबाहेर, जामनगर, आज पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या मर्जीने माझ्या माघारी माझ्या मिळकतीची व्यवस्था कशी लावावी हे लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर असल्याबद्दल डॉक्टर मांकड यांचा दाखला सोबत आहे. त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितले. मी दोनवर येऊन थांबलो आणि आता उधारीत जायचे का असे विचारले, तेव्हा त्यांनी सही केली.

तरीही म्हाताऱ्याला भ्रम झाला होता असे कोणी म्हणेल. भ्रम माझ्या बायकोला झाला होता. तो कसा असतो हे मी जवळून पाहिले आहे. मला तो नाही.

हे मृत्युपत्र माझ्या बारम्याला, म्हणजे बाराव्याच्या जेवणाला, ज्ञातीच्या वाडीत, म्हणजे आमच्या जातीच्या कार्यालयात, पंगतीला लाडू वाढून झाल्यावर वकील जयंतीभाई मकवाणा यांनी मोठ्याने वाचावे. पानावरून कोणी अर्धवट उठत नाही, म्हणून ती वेळ. काही वाक्ये गाळावीत असे जयंतीभाईंना वाटेल. एकही गाळू नये.

कलम पहिले. माझी मिळकत म्हणजे राहते घर, शंकर टेकरीजवळचे दुकान, हत्यारे आणि बँकेतली ठेव. सर्व स्वकष्टाची आहे. जोडियाहून मी आलो तेव्हा हातात एक रंधा होता, तोही मामाचा. आज या गावातल्या सराफांची, दवाखान्यांची आणि पितळेच्या कारखान्यांची बरीच दारे माझ्या हातची आहेत. माझे दार फोडून चोरी झाल्याचे मी ऐकलेले नाही.

माझे वारस दोन. मुलगा हसमुख आणि भाणवडला दिलेली मुलगी निर्मळा. पत्नी झवेरबेन हयात नाही. ती कशी गेली ते आता लिहितो, कारण पुढची वाटणी त्याशिवाय कोणाला समजणार नाही.

झवेर शेवटच्या वर्षांत माणसे विसरली. मला ती 'मिस्त्री' म्हणायची आणि दाराचे काम कधी पुरे होणार असे विचारायची. घर विसरली, पण माहेर विसरली नाही. दोनदा अनवाणी निघाली आणि नाक्यावर सापडली. जोडियाची बस कुठे लागते, असे पानवाल्याला विचारत होती.

दुसऱ्यांदा आणल्यावर हसमुख मला म्हणाला, "बापूजी, बाच्या खोलीला बाहेरून एक कडी मारून द्या. पाच मिनिटांचं काम आहे."

मी म्हटले, "माणूस झोपतो त्या खोलीला बाहेरून कडी मी आजवर कुणाला लावून दिली नाही."

"गिऱ्हाइकाचं सोडा. हे आपलं घर आहे."

"म्हणून तर अजिबातच नाही. निर्मळाला बोलव, ती येऊन राहील. तीच म्हणत होती."

"तिला कशाला? बा तिलाही ओळखत नाही. येऊन नुसती रडत बसेल."

विषय तिथे संपला असे मला वाटले. वैशाखात मी द्वारकेला एका धर्मशाळेची दारे बसवायला गेलो. माझ्या पाठीमागे हसमुखने करसनला बोलावून कडी लावून घेतली. करसन हा कधीकाळी माझ्याच हाताखाली शिकलेला माणूस. मग एका सकाळी हसमुख आणि सून भारती मोरबीला लग्नाला गेली. झवेर मागच्या खोलीत. खोलीवर पत्रा. पाण्याचे मडके स्वयंपाकघरात, कडीच्या पलीकडे.

दुपारी त्या भागातली वीज गेली. शेजारच्या हमीदाबेन खफी यांना भिंतीआडून दार वाजवल्याचा आवाज आला. झवेर जोडियाच्या बसवाल्याला हाका मारत होती. हमीदाबेननी हसमुखला फोन केला. त्यांनी मला सांगितलेले शब्द असे :

"हसमुखभाई, तुमची बा आत तडफडतेय. किल्ली कुठे आहे सांगा, नाहीतर परत या."

"ती रोजच आरडाओरडा करते. थकली की झोपेल. आमच्या घरात तुम्ही लक्ष घालू नका."

त्यांनी पुन्हा फोन केला तो त्याने उचलला नाही. मग त्यांचा मुलगा इकबाल पहार घेऊन आला. आमचे पुढचे दार सागाचे आहे. दोन फळ्यांच्या मध्ये लोखंडी पत्रा आणि बाहेरून किल्ली फिरवली की वर, खाली, मध्ये बसणारे अडसर. मीच बनवले आणि मीच बसवले. इकबालचे तळवे सोलून निघाले, दार हलले नाही. आतला आवाज संध्याकाळी थांबला. झोपली, असे त्या मायलेकांना वाटले.

लग्नघरी रात्रीचे जेवण होते, म्हणून ही दोघे तिथेच राहिली.

मी द्वारकेहून आलो तोपर्यंत झवेरला अंगणात निजवले होते. हसमुख भिंतीला डोके आपटून रडत होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, "बा झोपेतच गेली, मोठी पुण्यवान." डॉक्टरने दाखल्यावर कारण हृदय लिहिले. मी तिच्या खोलीत गेलो. दाराच्या चौकटीत स्क्रूची भोके पुट्टीने भरलेली होती आणि पुट्टी अजून ओली होती. माझ्या बायकोला स्मशानात न्यायच्या आधी माझ्या मुलाला पुट्टी भरायला सवड झाली होती.

त्या दिवशी मी शेजारी जाऊन हमीदाबेनना विचारले. त्याही विचारल्यावरच बोलल्या.

राहिलेले दिवाळीत कळले. करसन लाभपाचमीला नव्या वर्षाचे साल मुबारक करायला आला. गाठिया खाता खाता म्हणाला, "गुरू, कुत्रा कुठल्या जातीचा घेतलात? दिसत नाही कुठे."

मी म्हटले, "कसला कुत्रा?"

"वैशाखात मागच्या खोलीला कडी मारली ना मी. हसमुखभाई म्हणाले, कुत्रा ठेवायचाय, बाहेर पळतो."

हसमुख समोरच होता. तो करसनच्या कपात चहा ओतत होता, आणि कप भरला तरी ओतत राहिला. मी म्हटले, "मेला तो." करसन हळहळला आणि गाठिया संपवून गेला. त्यानंतर हसमुखने माझ्याशी या विषयावर आणि मी त्याच्याशी या विषयावर शब्द काढलेला नाही. एका ताटातले बाजरीचे रोटले आम्ही आजही खातो.

कलम दुसरे. राहते घर, जमिनीसह, मी माझी मुलगी निर्मळा हिला देतो. ती एकटी मालक. तिला हे आधीच सांगितले तेव्हा ती म्हणाली, "बापूजी, माफ करून टाका. भाई बाच्या फोटोसमोर बसून रडतो, मी पाहिलंय." मी म्हटले, "त्याला रडायला फोटो आहे. तुझ्या आईला पाणी नव्हते." ती आणखी रडली, पण घर नको असे म्हणाली नाही. हेही मी पाहून ठेवले आहे.

कलम तिसरे. सदर घरातील मागच्या पत्र्याच्या खोलीत तहहयात राहण्याचा हक्क हसमुखला राहील. फक्त त्याच खोलीत. शंकर टेकरीचे दुकान त्याला मिळेल, पण तो त्या खोलीत निजत असेल तोवरच. खोली सोडल्यास दुकान निर्मळाकडे जाईल. वय पन्नाशीचे, दुसरा धंदा येत नाही, तेव्हा तो खोली सोडणार नाही. खोलीवरचा पत्रा बदलू नये. चौकटीवर रंग चढवू नये. मी तिथे कडी परत लावलेली नाही आणि कोणी लावू नये. दार उघडे असताना त्याला तिथे राहायचे आहे.

कलम चौथे. सून भारती हिला तिच्या सासूच्या सोन्याच्या बांगड्या द्याव्यात. कारण असे. मागच्या वर्षी मी अंथरुणाला खिळलो असताना ती एकदा दाराआडून बोलली. आमच्यात सून सासऱ्यासमोर येऊन बोलत नाही. ती म्हणाली, "मी त्यांना मोरबीहून परत जाऊ या म्हटलं होतं, दोनदा म्हटलं. ते म्हणाले, वरात तरी पाहू दे. बापूजी, हे त्यांना सांगू नका." मी सांगितले नाही. आज जयंतीभाई सांगत आहेत. बांगड्या तिने पंगतीतच, सगळ्यांदेखत, हातात घालाव्यात. पुढे नवरा-बायकोने कसे राहायचे ते त्यांचे त्यांनी पाहावे.

कलम पाचवे. सर्व हत्यारे इकबाल खफी यास. पटाश्या विलायती पोलादाच्या आहेत, त्यांना पाणी लागू देऊ नये. त्याने मनाला लावून घेऊ नये. ते दार कोणालाच फुटले नसते. मी तसेच केले होते.

कलम सहावे. करसनला काही नाही. त्याला काही माहीत नव्हते, हे मला माहीत आहे. तो पंगतीला बसलेला असेल आणि कुत्रा म्हणजे कोण ते त्याला आत्ताच कळले असेल. एवढा वाटा त्याला पुरे.

कलम सातवे. बँकेतली ठेव नाक्यावरच्या पाणपोईला, झवेरच्या नावाने. तिथे झाकण किंवा कुलूप नसावे.

कलम आठवे. न्यायाला धरून हेही नमूद करतो की हसमुखने माझी सेवा केली. अर्धांगाच्या आजारात त्याने मला उचलले, पुसले, भरवले, माझी घाण स्वतःच्या हाताने काढली, आणि कधी तोंड वाकडे केले नाही. निर्मळा म्हणते तो बदलला आहे. मलाही तसेच वाटते. हे मला ठाऊक नव्हते म्हणून मी असे लिहिले, असे कोणी म्हणू नये, यासाठी हे कलम.

आज इथे, वकिलांच्या कचेरीत, मला त्यानेच स्कूटरवरून आणले. डॉक्टरांची वेळ त्याने घेतली, स्टॅम्पपेपर त्याने आणला, जिन्यावर माझ्या काखेत हात घालून वर चढवले. वकील म्हणाले, वारसांनी बाहेर थांबावे. तो मला म्हणाला, "बापूजी, घाई करू नका. तुमच्या मनात असेल तसंच लिहा. मी बसतो बाहेर."

माझ्या मनात होते तसेच लिहिले आहे. जयंतीभाईंनी वाचून दाखवले, मी ऐकले, समजले. ऐकताना मध्येच शिपाई आत येऊन म्हणाला, बाहेरचे भाई विचारताहेत, ऊन फार आहे, बापूजींना ताक पाठवू का? मी हो म्हटले. ताक थंड होते, जिरे-मीठ घातलेले, मला आवडते तसे. ते सगळे पिऊन मग खाली सही केली आहे.

सही : ओधवजी त्रिकमजी वडगामा

आमच्या दोघांच्या देखत मृत्युपत्रकर्त्याने सही केली आणि त्यांच्या देखत आम्ही केली :
१. डॉ. परेश मांकड
२. जयंती मकवाणा, वकील

ठिकाण : जामनगर
तारीख : १४ मे २०१८