सेवाचा घास

२ नोव्हेंबर
आले एकदाची औंढ्याला. नागनाथाच्या रस्त्यावर, फुलं-प्रसादाच्या दुकानांमागे खोली मिळाली. पुढे दुकान, मागे पलंग, आणि खिडकीतून भरपूर ऊन. माझ्या बारीक कामाला तेच हवं. घरमालकीण अनुसयाबाईंनी विचारलं की जुने टीव्ही गेम दुरुस्त करून कुणाचं पोट भरतं का. मी म्हटलं, पुण्या-मुंबईच्या हौशी लोकांचं बालपण गंजलंय, ते कुरिअरने माझ्याकडे येतं. त्या खूप हसल्या आणि चहा पाठवला. पल्लवीबाई, झकास सुरुवात!

४ नोव्हेंबर
गावातलं पहिलं गिऱ्हाईक. साखऱ्याकडच्या बंजारा तांड्यावरच्या मिराबाई. पदराखाली झाकून एक जुना गेम घेऊन आल्या, कॅसेट आतच अडकलेली. त्यांच्या मुलाचा, सेवाचा. ऐन पंचविशीत गेला तो. कॅसेटमध्ये त्याचा अर्धवट सोडलेला खेळ आहे, त्याच्या नावासकट. ते नाव एकदा दिसावं, एवढंच त्यांचं मागणं. नाव टिकतं ते आतल्या बटणाएवढ्या सेलवर. सेल मेला की नावही जातं, आणि इतक्या वर्षांत तो मेलेलाच असणार. हे काही त्यांना सांगवलं नाही.

उघडलं तर आतली सर्किटची प्लेट हिरवीगार. तांब्याच्या रेघा गंजाने खाल्लेल्या, वर कसला तरी चिकट तपकिरी थर. व्हिनेगर, स्पिरिट आणि टूथब्रश घेऊन दुपारभर घासलं, पाण्याने धुतलं. तुटलेल्या रेघांवर बारीक तारा जोडल्या. प्लेट नव्यासारखी चकचकली. स्वतःचंच कौतुक वाटलं.

५ नोव्हेंबर
पुन्हा हिरवं! इतकी मेहनत पाण्यात. अनुसयाबाईंच्या बोअरच्या पाण्याला शिव्या घातल्या आणि परत सगळं घासलं. टीव्हीला जोडलं तर चित्र आलं, खाली इंग्रजी अक्षरांत नावही आलं. सेवा. आनंदाने ओरडलेच मी. मग सहज मीटर लावून सेल मोजला. शून्य. काट्याने हालचालसुद्धा केली नाही.

मीटर बिघडला असणार. आज सगळंच बिघडलंय.

७ नोव्हेंबर
वैताग आलाय. रोज घासायचं, रोज हिरवं. शेजारी ठेवलेले पुण्याचे दोन गेमही गेले, आता त्या लोकांना काय तोंड दाखवू? गंज असा उड्या मारत नसतो. ब्रश हुंगून पाहिला. तूप आणि गूळ.

मिराबाईंना फोन लावून चांगलं फैलावर घेतलं. त्यांनी शांतपणे सांगितलं, तांड्यावर दिवाळीला वाडवडिलांच्या नावाने आगीत तूप-लापशीचा घास देतात. सेवाचा घास त्या मशिनीत घालतात, दरवर्षी. काहून, तर आगीत म्हाताऱ्यांचा घास पडतो, आन् माझं लेकरू काय म्हातारं व्हतं का?

मी म्हटलं, त्यानेच वाटोळं झालं मशिनीचं, मी सगळं खरवडून काढलं.  त्यांनी विचारलं, सगळं पुसलं? मंग आता त्यो काय खाईल?

मी फोन ठेवला. आमच्या घरी बावीस प्रतिज्ञा पाठ आहेत, असल्या गोष्टींना मी भीक घालत नाही.

८ नोव्हेंबर
सोल्डरिंगचं तापलेलं टोक बोटाला लागलं. जळका वास आला तेव्हा कळलं. चटका नाही, काही नाही. उजव्या हाताची दोन बोटं बधिर. हातच गेले तर मी करणार काय? दुसरं येतं काय मला?

नखांच्या कडेला हिरवं. स्पिरिटने जात नाही.

९ नोव्हेंबर
लापशी शिजवली. हो, मी. बाबांनी पाहिलं असतं तर — एक चमचा मशिनीत घातला. तशीच आहे. मुंगीसुद्धा फिरकली नाही.

तिसरं बोट.

१० नोव्हेंबर
मिराबाई सकाळच्या एसटीने आल्या. म्हटलं, मशीन घेऊन जा, आत्ताच्या आत्ता. त्यांनी माझा हात हातात घेतला, उजेडात धरला. चेहरा निवळला त्यांचा. म्हणाल्या, इतक्या वर्सात असा पोटभर न्हाई जेवला. इथंच राहू दे बाई, माझ्या हातचं त्याला पुरत नव्हतं.

मशीन उचलून त्यांच्या मागे धावणार होते. पाय हलले. हात उचलेना.

११ नोव्हेंबर
डाव्या हाताने लिहितेय. पक्कड घेऊन प्लेट मोडायला गेले — बोटं मिटत नाहीत. वायर काढलेली आहे. टीव्ही बंद आहे. नाव दिसतंय.

मिराबाईंचा फोन. जेवला का, विचारलं. ओरडायचं होतं — माझा हात परत द्या — तोंडातून निघालं, व्हय याडी. तांड्यावर आईला म्हणतात तसं. मी कधी कुणाला — त्या रडायला लागल्या. आनंदाने. आणि मी बोलतच होते. याडी, दुसरा हात अजून