पोरीनं केलेलं बापाच्या डोक्याचं मॉडेल

तीर्थस्वरूप अक्का,

धाकट्या शिवमूर्तीचा शरणार्थ. चारठाण्यात सगळे खुशाल असतील. गुडघ्याला तेल चोळणं चालू हाय का? (न्हाई, मला ठाऊक हाय.) इकडं सेलूत पेंडीचं दुकान ठीक, उमादेवी ठीक. फक्त माझी बेइज्जती झाली, तीबी कॉम्प्युटरवर, अन् पोटच्या पोरीकडून.

आपली शिवरंजनी पुण्यात डोक्याची डॉक्टरकी करते, असं मी लोकांना सांगत होतो. तसं न्हाई म्हणे. डोक्यात एक रस्ता 'कर' म्हणतो, दुसरा 'थांब' म्हणतो, दोघांची ओढाताण चालते अन् ज्याचं माप आधी भरलं तसं माणूस वागतो. हे ती कॉम्प्युटरवर गणितानं मांडते. मांडू दे बापडी. पण सुट्टीत येऊन ती रोज माझ्या गादीशेजारी बसायली. मला वाटलं, धंद्यात लक्ष घालायलीय, म्हणून मी गिऱ्हाइकांशी मुद्दाम लय हुशारीनं बोललो. अन् ही बघत काय होती, तर नवी पेंड भरू का नको, जुना काटा बदलू का नको, यात बाप किती रेंगाळतो ते. त्याचं मॉडेल केलं अन् नाव ठेवलं 'बाबा'. त्यात 'थांब'ची रेघ ताडमाड अन् 'कर'ची रेघ जमिनीवर झोपलेली. उमादेवी तोंडाला पदर लावून हसली. (तिला बघायला गेलो तवा होकार कळवायला मी किती दिवस लावले, हेबी तिनं आपण होऊन पोरीला सांगितलं.)

मूळ भांडण वेगळंच हाय. पोरीला तिच्यासंगं काम करणाऱ्या सुगतशी लग्न करायचंय. पोरगं गुणी हाय, पण आपल्यातलं न्हाई, अन् चार लोकांत बसायचं मला हाय. म्हणून मी महादेवाला कौल लावला. पिंडीच्या दोन्ही अंगांना फूल चिकटवलं, उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नको. फुलं सुकून गेली, पण एक पडंल तर शपथ. मी म्हणलं, बघा, खुद्द देवच थांब म्हणायलाय. तर ही पिंडीजवळ वाकली अन् हसत म्हणाली, फूल नुसत्या पाण्यानं चिकटवतात, तुमी दोन्हीकडं गंधाचा थर दिलाय. आता देवाचं फूल नीट बसवलं, हाबी माझाच गुन्हा. मी तसं बोललो, तशी ती हसायची थांबली.

"बाबा, तुमचं मॉडेल न्हाई म्हणत न्हाई, अन् होबी म्हणत न्हाई. मी किती थांबू?"

बापाला असं विचारतात का, अक्का? मी तडक उठून दुकानात आलो. पोत्यावर बसलो, तिथंबी तेच ऐकू यायलं. लय वाईट वाटलं. तुमीच तिला चार शब्द सुनवा, बापाच्या डोक्यात घुसू नको म्हणावं.

तुमचा,
शिवमूर्ती

ता.क. तिच्या मॉडेलला काही कळत न्हाई, याचा पुरावा देतो. काल सुगतच्या आईचा फोन आला अन् माझ्या तोंडून "सोमवारी सगळे जेवायलाच या" असं निघून गेलं. त्याआधी मी काही म्हणता काही ठरवलं नव्हतं.

दुसरा ता.क. तुमी रविवारीच या. पुरणाचं उमादेवी बघंल. त्या लोकांनी विषय काढला की माझ्या शेजारी बसा, अन् मी "बघू" म्हणायच्या आत तुमी "हो" म्हणून टाका. मला म्हणायचंय, पण भ्या वाटायलंय. तोवर पोरीला हे सांगू का नको, तेवढं फोनवर कळवा.