वन्सं, मुखपृष्ठावरचा हात तुमचाच

तीर्थस्वरूप वन्सं यांना,

वहिनीचा खुर्चीत बसूनच नमस्कार. (गुडघ्याचं तुम्हाला ठाऊक आहे. वाकले तर उठवायला माणूस लागतो आणि बबडी कामावर गेली आहे.) तुमची तब्येत, डावा कान, दाराशी येणारं मांजर आणि पाण्याच्या टाकीवरून खालच्या मजल्याशी चाललेलं भांडण हे सगळं जागच्या जागी असेल अशी आशा करते. आम्ही मायलेकी मजेत आहोत. पत्र दोनदा वाचून पाठवते आहे, कारण लग्नानंतर तुम्हाला लिहिलेलं माझं पहिलं पत्र तुम्ही लाल शाईने तपासून परत धाडलं होतंत, दहापैकी साडेसहा गुण देऊन. तुम्ही मुख्याध्यापिका, आणि मी तेव्हा भलती घाबरट. तुमच्या भावाने मात्र त्या साडेसहाचा जन्मभर उपयोग केला. भाजीत मीठ जास्त झालं तरी नुसतं ‘साडेसहा’ म्हणून पानावर मान खाली घालायचे.

तर मुद्द्याचं. मी एक कादंबरी लिहिली आहे. ती छापून झाली आहे, आणि दुसऱ्या कुणी ती तुमच्या हातात देण्याआधी हे पत्र तुमच्यापर्यंत पोचावं, एवढीच माझी धडपड आहे. तुम्ही रागावलात तर मला चैन पडणार नाही, म्हणून हळूहळू सांगते. कादंबरी प्रेमाची आहे. नायिका जिवंत आहे, नायक भूत आहे. आता पाणी प्या आणि मग पुढे वाचा.

याचं मूळ बबडीत आहे. ती असल्या कादंबऱ्या फोनवर वाचते. त्यांत कुणी शापित राजपुत्र असतो, कुणी तीनशे वर्षांचा रक्तपिपासू, पण दिसायला सगळे पंचविशीतले आणि कुणालाच पोटापाण्याचा उद्योग नाही. मी एकदा जेवताना म्हटलं, याहून बरं तर मी लिहीन. ती म्हणाली, लिही. झालं, अडकले. चष्म्याच्या दुकानात काच घासायचं यंत्र सुरू केलं की ते थांबेपर्यंत मला दुसरं काम नसतं, तेवढ्यात लिहायचं असं ठरवलं. आमच्या मालकांना वाटायचं बाई हिशेब लिहिताहेत, त्यामुळे त्या काळात त्यांनी माझं बरंच कौतुक केलं. ‘पलीकडच्या खोलीतला’ असं नाव ठेवलं. एक बाई भाड्याने घर घेते, तिथे आधीच्या भाडेकरूचं भूत राहत असतं, आणि दोघांचं जमतं. एवढीच गोष्ट, पण जमायला फार पानं लागली.

या भुताचा आणि तुमच्या भावाचा काडीचाही संबंध नाही, हे मी इथेच स्पष्ट करते. खोलीत शिरण्याआधी भूत दोनदा खोकतं, पण असे खोकणारे पुष्कळ असतात. कपाळावर सरकवलेला चष्मा ते घरभर शोधतं (हा माझ्या धंद्यातला अनुभव). कुणी खोलीतून बाहेर पडलं की मागून जाऊन दिवा घालवतं. बबडीने हस्तलिखित वाचून मला समोर बसवलं आणि म्हणाली, आई, भुताने नायिकेला पाहून व्याकूळ व्हायचं असतं, त्याचे हात बर्फासारखे हवेत, ते विजेचं बिल बघत नाही. मी म्हटलं, माझं बघतं. मग तिने ते पान काढून पुन्हा वाचलं आणि म्हणाली, ते बिलाचं राहू दे, छान आहे.

आता प्रकाशक. एकाने हस्तलिखित उघडलंच नाही. दुसऱ्याने उघडलं आणि भुताला नोकरी कुठे आहे असं विचारलं. तेव्हा आपणच छापायचं ठरलं, आणि खिशाला परवडेल असा छापखाना शोधता शोधता आम्ही औषधांची खोकी छापणाऱ्या एका गृहस्थांकडे पोचलो. माणूस सज्जन, पण साहित्याकडे खोक्याच्या बाजूने बघणारा. त्याने मला पहिल्यांदा समजावलं की पुस्तक सुट्या पानांनी छापत नाहीत. सोळा पानांचा एक फर्मा. एक पान जरी जास्त झालं तरी अख्खा नवा फर्मा लागतो, त्याचा कागद, त्याची छपाई, सगळं आलं. आणि माझी कादंबरी नेमकी एका पानाने जास्त झाली होती. शेवटच्या पानाने. तो म्हणाला, बाई, एक तर हे पान कापा, नाहीतर आणखी पंधरा पानं लिहून आणा, नाहीतर अक्षर बारीक करतो. मी म्हटलं, सबंध दिवस लोकांचे डोळे सांभाळणारी बाई बारीक अक्षर छापणार नाही, हा तत्त्वाचा प्रश्न आहे. पंधरा पानं लिहायची तर भुताला आणखी एक खोकला द्यावा लागला असता. तेव्हा पान कापलं. त्या पानावर भूत नायिकेचा निरोप घेऊन कायमचं निघून जातं. ते पानच नसल्यामुळे आता ते जात नाही. नायिका दिवा लावून खोलीबाहेर येते, मागे दिवा विझतो, आणि पुस्तक संपतं.

मुखपृष्ठाचा पुठ्ठा त्याने खोकल्याच्या औषधाच्या खोक्यांतून उरलेला वापरला, स्वस्तात. बाहेरून चित्र सुरेख उठलं. आतल्या बाजूने मात्र ‘वापरण्यापूर्वी बाटली चांगली हलवावी’ असं फिकट निळ्या अक्षरांत राहून गेलं. मी कपाळाला हात लावला. पण एका वाचक बाईंनी ते अर्पणपत्रिका समजून मला सांगितलं की या एका ओळीत सगळं वैवाहिक जीवन आलं आहे. मी मान डोलावली. स्तुती कोण नाकारतं.

आणि आता ते चित्र. (पाण्याचा पेला जवळच ठेवा.) बबडी म्हणाली, देखणा नायक उभा करून फोटो काढायचा तर आपलं दिवाळं निघेल, घरातलाच एखादा जुना फोटो घेऊ. तुम्ही दोघं भावंडं होडीतून पलीकडच्या काठाला गेला होतात, तो फोटो आठवतो का? तुमचा भाऊ विशीतला, केस वाऱ्यावर, अर्धा चेहरा सावलीत, आणि कुणावर तरी रुसल्यासारखा दिसतोय. (तुम्हीच सांगितलं होतंत, त्याला होडी लागली होती.) बबडीने तो थोडा निळसर केला आणि शेजारच्या तुम्हाला कापून टाकलं. त्याबद्दल ती आत्याची माफी मागते आहे. पण त्याच्या खांद्यावरचा तुमचा हात कापला तर खांदाही जात होता, म्हणून हात राहिला. आता मुखपृष्ठावर धुक्यातून आलेलं एक देखणं भूत आहे आणि त्याच्या खांद्यावर कुणाचा तरी हात आहे, बोटात चौकोनी अंगठी. पुस्तक वाचलेली एकूण एक माणसं मला विचारतात, हात कुणाचा? कुणी म्हणतं मृत्यूचा, कुणी म्हणतं आधीच्या प्रेयसीचा. एका कॉलेजकन्येने तर तो नायिकेचाच पुढच्या जन्मातला हात असल्याचं मला पटवून दिलं. मी गूढ हसते. नणंदेचा आहे असं सांगितलं तर सगळी हवाच निघून जाईल.

विक्रीचं सांगायचं राहिलं. आमच्या दुकानातला जवळचं वाचायचा तक्ता जुना होऊन फाटला होता, तेव्हा नवा येईपर्यंत मी गिऱ्हाइकांच्या हातात माझंच पुस्तक द्यायला लागले. मोठ्या अक्षराचा फायदा झाला. एक निवृत्त गृहस्थ तपासणीची जड चौकट नाकावर घेऊन मोठ्याने वाचू लागले आणि भूत नायिकेचा हात धरू पाहतं तिथे येऊन पोचले. मी काच बदलून विचारलं, आता स्पष्ट दिसतंय का? ते म्हणाले, बाई, जरा थांबा हो. रांगेतली माणसंही म्हणाली, थांबा. पान संपेपर्यंत दुकान ठप्प. त्या गृहस्थांचा नंबर काही बदललेला नव्हता, तरी ते पुढचं प्रकरण ऐकवायला पुन्हा तपासून घ्यायला आले, शेवटी लाजून पुस्तक विकत घेऊन गेले. अशाने सगळ्या प्रती संपल्या, वन्सं. मालक म्हणतात, नवा तक्ता आता नकोच.

एकंदरीत मी सुखात आहे. दुकानात लोक मला ‘भूतवाल्या बाई’ म्हणतात आणि मला राग येत नाही. घरी बबडी आणि मी जेवतो, बोलतो, दिवे घालवतो. तुमचा राग निवळेल तेव्हा दोन ओळी लिहा. निवळला नाही तर चार लिहा. सोबत तुमच्यासाठी राखून ठेवलेली एक प्रत पाठवते आहे. मांजराला जपा.

तुमची,
साडेसहावाली वहिनी

ता. क. चौकोनी अंगठी अजून घालत असाल तर इकडे येताना काढून या. दुकानात कुणी ओळखलं तर तुम्हाला सह्या कराव्या लागतील.

ता. क. दुसरा. छापखानेवाला दुसरी आवृत्ती काढायला तयार आहे आणि म्हणतो, या वेळी ते शेवटचं पान कसंही करून बसवून देतो, वाचकांना शेवट हवा असतो. म्हणून खरं काय ते तुम्हाला सांगते. नव्या फर्म्याचे पैसे तेव्हाही होते, बबडीने आणून हातात ठेवले होते. बारीक अक्षरालाही माझी तशी हरकत नव्हती. ते पान मी लिहिलं खरं, पण छापायला देताना हात पुढे होईना. तो मनुष्य एकदा गेला तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. या वेळी मला विचारलं, तर मी नाही म्हटलं.

ता. क. तिसरा. ते पान पुस्तकात घडी घालून ठेवलं आहे. तुमचाही तो भाऊ, तेव्हा त्याने जावं की राहावं हे मी एकटीने ठरवू नये असं वाटलं. वाचा, लाल शाईने हव्या तेवढ्या चुका काढा, गुण द्या. फक्त या वेळी तपासून परत पाठवू नका.