वजनकाटा पुलाच्या पलीकडे आहे

आदरणीय दाजी,

धाकट्या मेहुण्याचा नमस्कार. तुमची कंबर आता कशी आहे? ताईची तब्येत ठणठणीत असावी. परवा फोनवर तिने माझा जो उद्धार केला, तो कचेरीत पलीकडच्या टेबलावरच्या जन्ममृत्यू नोंदणीच्या बाईंनाही शब्दन् शब्द ऐकू आला. (त्यांनी नोंदवही मिटली आणि "मोठी बहीण का?" असं हळूच विचारलं.) आमच्याकडे सगळे खुशाल आहेत. तुमचा ट्रकही खुशाल आहे. नऊ दिवस तो जागचा हललेला नाही, त्यामुळे त्याला काही होण्याचा संभव नाही.

मी तो मुद्दाम अडवला असं ताईचं म्हणणं. ते तितकंसं खरं नाही, म्हणून सविस्तर लिहितो. पुलाजवळ एक निवृत्त मुख्याध्यापिकाबाई राहतात. लाकडाची गाडी गेली की आपल्या कपाटातले कप वाजतात, असा अर्ज त्या चार वर्षं दर महिन्याला आमच्या नगरपंचायतीत देत होत्या. (आम्ही पाठवलेलं उत्तर लाल शाईनं शुद्धलेखन तपासून परत यायचं.) शेवटी अध्यक्ष कंटाळून मला म्हणाले, "करून टाका काहीतरी नियम, पण कडक करा." रस्ते विभागात मी एकटाच असल्यामुळे विभागाची बैठक लवकर आटोपली आणि मी चौदा नियम लिहिले. शाळा भरताना-सुटताना ओंडक्यांची गाडी रस्त्यावर नको. गाडी आणण्याआधी तीन दिवस मालकाच्या सहीनं लेखी कळवावं. दहा टनांवर वजन असेल तर पुलावर चढू नये. रस्त्याच्या कडेला ओंडके उतरवू नयेत. आणि पूल ओलांडताना पंचायतीच्या माणसानं लाल निशाण घेऊन गाडीपुढे चालावं. (पंचायतीचा माणूस म्हणजे कोण, याचा विचार लिहिताना केला नव्हता.) ठराव एकमतानं पास झाला. एक सभासद झोपले होते; त्यांची मान हलली ती संमती धरली.

सोमवारी नियम लागू झाले आणि सोमवारी सकाळी पहिली गाडी आली ती तुमची. मी निशाण घेऊन पुलाच्या तोंडाशी उभा. तुमचे ड्रायव्हर, ज्यांना तुमच्या वखारीत सगळे मामा म्हणतात, त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. कळवलं होतं का, विचारलं, तर कोणी कुणाला काय कळवायचं हेच त्यांना ठाऊक नव्हतं. म्हटलं, पहिलाच दिवस आहे, तेवढं सोडून देऊ.

"वजन किती आहे?"

"काट्यावर घातल्याशिवाय कसं सांगू?"

"मग घाला काट्यावर."

"काटा पुलाच्या पलीकडे आहे, साहेब."

मी नियम पुन्हा वाचले. वजन कळल्याशिवाय पुलावर जाता येत नव्हतं आणि पुलावर गेल्याशिवाय वजन कळत नव्हतं. मामा म्हणाले, निम्मे ओंडके खाली उतरवतो. मी नियम अकरा दाखवला. मग म्हणाले, गाडी मागे नेतो. पण मागे नेणं म्हणजे पुन्हा रस्त्यावर आणणं, आणि त्याला तीन दिवसांची लेखी सूचना हवी. मामांनी इंजिन बंद केलं. सूचनेवर सही मालकाची लागते, आणि ती तुम्ही रागानं अजून पाठवलेली नाही, असं ताईकडून कळलं.

माल टाकून जाता येत नाही म्हणून मामा आमच्याच बाहेरच्या खोलीत राहतात. दुसऱ्या दिवशी त्यांनी आमचा दोन वर्षं ठिबकणारा नळ दुरुस्त केला. "तुम्ही चौदा नियम केलेत, त्यांनी एक नळ केला," असं तुमच्या मेहुण्याची बायको येता-जाता म्हणते. आई त्यांच्याशी पत्ते खेळते आणि जिंकते. ते मुद्दाम हरतात, असं सांगायची कुणाची छाती नाही. इकडे तुमची गाडी आडवी असल्यामुळे दुसरी एकही गाडी जात नाही. कप शांत आहेत. गाडी आहे तिथेच कायम ठेवावी, असा मुख्याध्यापिकाबाईंचा नवा अर्ज आला आहे, आणि नियमांमुळे अवजड वाहतूक शून्यावर आल्याचं अध्यक्षांनी वरच्या कार्यालयाला कळवून टाकलं आहे.

तरी राग धरू नये. सूचनेचा कोरा नमुना सोबत जोडला आहे, फुलीच्या जागी सही करावी. ताईला नमस्कार सांगा, पण आधी तिचा रागरंग पाहून.

तुमचा मेहुणा
(रस्ते विभाग, संपूर्ण)

ता. क. : नमुन्याच्या पाठीमागेही एक सही आहे. ती कशासाठी हे मलाही आठवत नाही, पण करा.

ता. क. २ : कपांचं वर लिहिलं ते कागदोपत्री बरोबर आहे. पण कपांचे अर्ज चार वर्षं मीच फायलीला लावत होतो. गेल्या महिन्यात तुमची भाची, म्हणजे आमची लेक, सायकलवरून शाळेतून येत होती, तेव्हा पुलाच्या तोंडाशी लाकडाच्या एका गाडीनं तिला कडेला इतकं दाबलं की ती सायकलसकट चरात गेली. गुडघा खरचटला, बाकी काही नाही. पण तेव्हापासून ती पुलावरून सायकल हातात धरून चालत जाते, आणि विचारलं तर चेन घसरते म्हणते. (चेन मी दोनदा तपासली.) अध्यक्ष कंटाळले ते नंतर. नियम माझ्या खणात आधीच तयार होते.

ता. क. ३ : ती गाडी कुणाची, हे मला ठाऊक नव्हतं. चौथ्या दिवशी मामांनी तिला सायकल धरून येताना पाहिलं आणि चहा अर्धा टाकून उठले. "त्या दिवशी चरात पडली ती हीच का?" म्हणाले. "मला ती दिसलीच नाही हो. मागनं ओरडा ऐकला, थांबेपर्यंत ती उठून चालायला लागली होती." डाव्या बाजूचा आरसा ते दीड वर्षं तुमच्याकडे मागत आहेत म्हणे. हल्ली रोज सकाळी ते तिच्याबरोबर पुलापर्यंत जातात. कालपासून ती निम्मा पूल सायकलवर बसून जाते.

ताईला यातलं काही सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. सही सवडीनं पाठवलीत तरी चालेल. आरसा मात्र लगेच पाठवा. डावा.