पिशवीत राहिलेलं बटण

१४ मार्च, शनिवार

वन्सं,

नमस्कार. तुमचा गुडघा आता बरा असेल. इथे सकाळी दूध घेतलं, कपड्यांच्या घड्या केल्या आणि कॉलेजात आमच्या विभागात गेले. ह्यांचं टेबल रिकामं करायचं होतं. सोमवारपासून तिथे नवे सर बसणार आहेत. दुपारी परत आले, जेवले.

काल फोनवर तुम्ही तक्रार द्यायची म्हणून त्या मुलीचं नाव विचारलंत. मी ऐकू न आल्यासारखं केलं. ऐकू आलं होतं. माझा भाऊ डोळ्यांदेखत गेला आणि वर्गभर पोरं हसत बसली, असं तुम्ही म्हणालात. ते खरंच आहे. पण कसं झालं ते तुम्हाला कुणी नीट सांगितलेलं नाही. फोनवर मला जमत नाही, म्हणून लिहिते.

हे उत्क्रांती शिकवायचे. त्यातला एक धडा असा, की जो टिकतो तो दरवेळी सरसच असतो असं नाही. गट लहान असला की नुसत्या नशिबानेही कुणाचा वंश राहतो, कुणाचा जातो. फळ्यावर हे पटत नाही, म्हणून ते पोरांना घरून बटणं आणायला लावायचे. प्रत्येकाचं एक बटण पिशवीत. पिशवी मीच त्यांच्या जुन्या शर्टाची शिवून दिली होती. एकाने डोळे मिटून निम्मी बटणं काढायची. ज्याचं निघालं तो मेला. त्याने बाकावर मान टाकायची आणि वाचलेल्यांचे रंग मोजून होईपर्यंत उठायचं नाही, बोलायचं नाही. आधी कुठला रंग किती होता आणि आता किती उरला, एवढाच धडा. स्वतःचंही बटण ते टाकायचे. स्वेटरचं, तपकिरी. ते कधीच निघालं नव्हतं. एवढी पोरं मारली पण आपला नंबर काही लागत नाही, म्हणायचे.

त्या दिवशी ती मुलगी बटणं काढत होती. मान टाका पण घोरू नका, असं ह्यांनी सुरुवातीलाच बजावलं होतं. निम्म्या माना खाली गेल्या आणि ह्यांनीही टेबलावर मान टाकली. मग घोरल्यासारखा आवाज आला. वर्ग हसला. पुढच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "सर, घोरायचं नाही ठरलंय." मग पोरं रंग मोजायला लागली. मोजून झालं, बेरीज फळ्यावर लिहून झाली, तरी हे उठेनात. एरवी निम्मं या कानाने ऐकून त्या कानाने सोडणारी पोरं. त्या दिवशी त्यांनी नियम पाळला.

लगेच उचललं असतं तरी उपयोग नव्हता, असं डॉक्टर म्हणाले. सगळ्यांनाच असं सांगत असतील.

आम्ही सगळे समजत होतो की ह्यांचं बटण निघालं, नियमाप्रमाणे त्यांनी मान टाकली आणि तशातच ते गेले.

आज मी टेबल आवरत होते तेव्हा ती मुलगी दाराशी आली. त्या दिवसापासून ती वर्गाला येत नाही. आत ये म्हटलं तरी उंबऱ्यातच उभी. म्हणाली, "मॅडम, सरांचं बटण माझ्याच हातून निघालं."

मी तिला बसवलं, पाणी दिलं. ती पिशवी खणात होती, काढलेली बटणं शेजारी डबीत. डबीत तपकिरी नव्हतं. मग पिशवी टेबलावर ओतली. ही वाचलेल्यांची. त्यात तपकिरी बटण होतं, स्वेटरच्या धाग्यासकट.

मला वाटलं, सुटली पोरगी. बटण तिच्या हातावर ठेवून म्हटलं, बघ, तू काढलंच नव्हतंस.

तिने ते उलटंसुलटं करून पाहिलं. मग हळू म्हणाली, "म्हणजे मॅडम, सरांनी खेळातली मान टाकलीच नव्हती."

सोमवारी ये, एवढंच म्हटलं. तिने मान हलवली.

वन्सं, आता राहिलेलं. प्रयोगासाठी आम्ही फळांवरच्या बारीक माशा बाटल्यांतून पाळतो. ते काम माझं. त्या दिवशी बाटल्या घेऊन मी त्याच वर्गावरून चालले होते. दाराला काच आहे. ह्यांची मान टेबलावर दिसली. एक हात खाली लोंबत होता, तोही दिसला. पोरं हसत होती. मला वाटलं, चला, लागला एकदाचा नंबर. संध्याकाळी चिडवायचं ठरवलं आणि पुढे गेले. मलाही हसू आलं होतं.

पोरांनी त्यांना वर्षभर पाहिलं होतं. मी रोज त्यांना झोपलेलं पाहत होते. तेव्हा तक्रार द्यायचीच असेल तर नाव माझं द्या. मुलीचं मी सांगणार नाही.

रडू अजून आलेलं नाही. येईल म्हणतात.

बटण घरी आणलं आहे. इतकी वर्षं त्या एका बटणावाचूनच ते स्वेटर घालायचे. दुसरं लावून देऊ का म्हटलं की म्हणायचे, नको, ते कामावर गेलंय. तपकिरी दोरा सापडला नाही, काळा आहे. चालेल. सुई ओवून ठेवली आहे. हे पत्र मिटते आणि बटण लावायला घेते.

तुम्ही अजूनही म्हणाल तर,
तुमची भावजय