अकरा पिंपं आणि एक हरवलेलं नाक

लामूल, मेदोक
२ फेब्रुवारी, शांदलरच्या सणाची सकाळ

तीर्थस्वरूप ऑर्तांसताईस,

धाकट्या आन्सेल्मचा वाकून नमस्कार. दाजींनाही सांग, त्यांचे हात कालवांच्या पाण्यातून बाहेर येतील तेव्हा. तुझा गुडघा कसा आहे? तुमच्या आर्काशोंची हवा समुद्राची, आमचीही समुद्राचीच. पण तुमच्याकडे समुद्र समोर येऊन बसतो आणि आमच्याकडे नदीतून मागच्या दाराने येतो, म्हणून इकडचे गुडघे जरा उशिरा दुखायला लागतात असं माझं मत आहे. इकडे सर्व क्षेम. मार्सेलीन (तुझी भावजय, अजून तीच आहे) ठणठणीत असून आत्ता सणाची धिरडी उलटते आहे. पहिलं धिरडं छताच्या तुळईला चिकटलं आणि ते दरवर्षीप्रमाणे मी बोलल्यामुळे झालं. नऊ वर्षांनी पत्र आलं म्हणून घाबरू नकोस. कोणी गेलेलं नाही. फक्त माझं नाक गेलं आहे.

जागेवर आहे, दिसायला पूर्वीसारखंच आहे, पण वास येत नाही. हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोन पोस्टात आहे आणि पोस्टातल्या बाईंना फोन जोडून दिल्यावर स्वतःचा कान काढून घेता येत नाही. दुपारपर्यंत गावभर झालं असतं. आपल्या मेदोकात माणसाचा पाय मोडला तर लोक काठी घेऊन येतात. नाक गेलं तर मळा विकत मागायला येतात. म्हणून हे पत्र फक्त तुला, आणि वाचून झालं की चुलीत घाल.

आता नाक जायला वर्ष कुठलं मिळालं ते ऐक. एप्रिलमध्ये गोठवणारं दव पडलं आणि नदीकडच्या चिकणमातीतल्या मेर्लो द्राक्षांचे कोंब एका पहाटेत काळे झाले. आम्ही ओलं गवत पेटवून धूर केला, तर तो सगळा धूर शेजारच्या हवेलीवाल्या शातोच्या मळ्यावर गेला आणि त्यांचे कोंब वाचले (त्यांनी आभाराची चिठ्ठी पाठवली, मी फाडली). पण वरच्या गोट्यांच्या जमिनीतली काबेर्ने! ताई, असा ऑक्टोबर बाबांच्या वेळेनंतर मी पाहिला नव्हता. रोज सकाळी नदीवरून धुकं यायचं, वेलींच्या गुडघ्यापर्यंत बसून राहायचं, आणि दहाच्या सुमाराला समुद्राचा वारा येऊन ते हलकेच उचलून न्यायचा. दिवसभर गोटे तापायचे. संध्याकाळी मी ओळीत उकिडवा बसून एकेका गोट्यावर तळहात ठेवायचो, ते झोपलेल्या मांजरासारखे उबदार लागायचे. घड तोडवेत ना. आम्ही थांबलो, अजून थांबलो, आणि पिकली म्हणजे अशी पिकली की तोडणाऱ्या बायकासुद्धा गाणं थांबवून खाऊ लागल्या. कोठीत आता अकरा पिंपं आहेत: आठ काबेर्ने, दोन मेर्लो, एक पती-वेर्दो. यांचा मेळ चौदा तारखेच्या शनिवारी व्हायलाच हवा, कारण त्या दिवशी दलाल तोझांसाहेब चाखायला येणार आहेत. एकदा तीन वाइन एकत्र ओतल्या की पुन्हा वेगळ्या करता येत नाहीत हे मी तुला सांगायला नको. हे वर्ष बिघडलं तर असं दुसरं माझ्या हातून होण्याइतकं आयुष्य माझ्याकडे नाही.

नाक कसं गेलं म्हणशील, तर बाबांमुळे. सर्वसंतांच्या दिवशी त्यांच्या थडग्यावर शेवंती ठेवली आणि तिथून नदीवरच्या त्यांच्या मासेमारीच्या जाळ्याच्या खोपीत गेलो. (ती अजून उभी आहे. चार खांब नदीत, दोन देवाच्या भरवशावर.) मासे धरायचे नव्हते, नुसतं बसायचं होतं. धुकं असं होतं की नदी कुठे संपते आणि मी कुठे सुरू होतो ते समजत नव्हतं. दूर एखादं जहाज भोंगा वाजवत बोर्दोकडे निघालं होतं आणि मला वाटलं की नव्या वाइनची पिंपंच एकमेकांना हाका मारताहेत. काबेर्ने म्हणते, मी इथे आहे; मेर्लो म्हणते, कुठे? अशा विचारात मी जाळ्याच्या रहाटाला टेकलो. रहाटाची खीळ बाबांच्या काळापासून सैल आहे हे बाबांना माहीत होतं. जाळं खाली गेलं आणि मीही गेलो. शेजारच्या खोपीत आपला छाटणीवाला काझिमीर बसला होता. त्याने धप्प आवाज ऐकला, आपलं जाळं पाण्यात सोडलं आणि मोठ्या भक्तिभावाने रहाट फिरवून मला वर काढलं. माझा चेहरा दिसल्यावर तो इतका हिरमुसला की मलाच वाईट वाटलं.

"तुम्ही होय!" तो म्हणाला. "मला वाटलं स्टर्जन मासा आहे. मी तर मनात कापून वाटेसुद्धा घातले होते."

त्यानंतर दहा दिवस ताप, शिंका आणि मार्सेलीनचे कांद्याचे लेप. ताप गेला आणि जाताना नाक घेऊन गेला. मी डॉक्टरांना गुपचूप विचारलं. ते म्हणाले, मोकळ्या समुद्राची हवा घ्या. मी म्हटलं, तिकडे माझी बहीण राहते. ते म्हणाले, मग अडचण काय? (डॉक्टर बाहेरगावचे आहेत.)

मी दोन महिने हे सगळ्यांपासून लपवलं. बिंग फुटता फुटता राहिलं ते जानेवारीत, मागच्या वर्षीच्या वाइनचा गाळ खाली बसावा म्हणून तिच्यात अंड्यांचा पांढरा बलक घालायच्या दिवशी. सोळा पिंपं, पिंपाला सहा अंडी, अंडी फिलोमेनबाईंकडची. त्यांच्या कोंबड्या त्यांच्यासारख्याच वयस्कर आणि विसराळू आहेत, कुठे अंडं घालून ठेवतील आणि कधी सापडेल याचा नेम नाही. मी कोठीत मेणबत्तीच्या उजेडात एकेक अंडं फोडत बसलो होतो. मन कुठे होतं कोण जाणे. पांढरं या भांड्यात, पिवळं त्या भांड्यात, आणि बाहेर वेलींच्या छाटलेल्या काड्या जळत होत्या, त्यांचा धूर दारातून नुसता दिसत होता. लहानपणी त्या धुराच्या वासाला आपण हिवाळा म्हणायचो, आठवतं? तेवढ्यात मार्सेलीन आली, ती अंगणाच्या मध्यावरूनच ॲप्रनचं टोक नाकाला लावून.

"अहो, त्या भांड्यात काय मेलंय?"

"कुठे काय?"

"वास येत नाही तुम्हाला?"

"येतोय की," मी म्हटलं. "म्हणूनच तर टाकत नाहीये. कुठवर जातो ते बघतोय."

तिने माझ्याकडे जे पाहिलं ते एकतीस वर्षांच्या संसाराचं पाहणं होतं. भांडं उचललं, गुलाबांच्या मुळाशी ओतलं आणि गेली. पिंप वाचलं. पण त्या दिवसापासून ती मला येता-जाता विचारते, आज जेवायला काय केलंय सांगा बघू? मी झाकणाकडे बघून अंदाजाने सांगतो. तीन दिवस बरोबर आलं, कारण तीनही दिवस कोबीचं सूपच होतं.

मग एके सकाळी तोझांसाहेब स्वतः हजर. मेळाआधी सुटी काबेर्ने चाखायची होती. मी पेला हातात घेतला, फिरवला, नाकाखाली धरला आणि पुढे काय करायचं ते सुचेना, म्हणून खिडकीकडे बघत राहिलो. बाहेर ओळी उघड्या पडल्या होत्या, नदी आणि आभाळ एकाच रंगाचे होते. आणि ताई, मला तू दिसलीस. नऊ वर्षांची, स्टुलावर उभी, डोळे मिटलेले, पेल्यात नाक. बाबांनी विचारलं होतं, कसला वास येतो गं? आणि तू म्हणाली होतीस, "तुमच्या कोटाच्या खिशाचा. पेन्सिलीचा, आणि खिशात पाऊस शिरल्यासारखा." मी चार वर्षांचा, स्टुलाखाली होतो. बाबा हसतील असं मला वाटलं होतं. ते हसले नाहीत. त्यांनी पेला खाली ठेवला, खिशातून पेन्सिल काढली आणि तू म्हणालीस ते लिहून घेतलं. त्या क्षणी मला तुझा जो हेवा वाटला तो अजून पुरा उतरलेला नाही. हे सगळं मी खिडकीत बघत होतो, किती वेळ कोण जाणे. वळून पाहतो तर तोझांसाहेबांनी टोपी काढलेली.

"आन्सेल्म," ते हळूच म्हणाले, "आज तुम्ही हुबेहूब वडिलांसारखे दिसलात. एवढं नाक आता जिल्ह्यात उरलेलं नाही. शनिवारी मेळ घेऊनच भेटू."

आणि गेले. आता मी कोणाला विचारू? काझिमीरला सगळ्याच वाइन आवडतात, तो निकालाच्या कामाचा नाही. मार्सेलीनच्या मते वाइन दोन प्रकारची असते, डाग निघणारी आणि डाग न निघणारी. मला भीती वाटते, ताई. मी पिंपांमधून फिरतो, त्यांच्या पोटावर हात ठेवतो, आणि ती माझ्याशी बोलत नाहीत.

त्या जुन्या भांडणाबद्दल मी काही लिहिणार नव्हतो, पण विषय निघालाच आहे म्हणून. बाबांनी घालून दिलेली रीत तशीच पाळली होती आपण: तिन्ही वाइन चाखायच्या, दोघांनी आपापला मेळ चिठ्ठीवर लिहायचा, चिठ्ठी सुपाच्या वाडग्याखाली ठेवायची, आणि सूप संपल्यावर उघडायच्या. इतकी वर्षं जुळायच्या, त्या वर्षी नाही जुळल्या. तुझी होती दहात साडेपाच काबेर्ने, साडेतीन मेर्लो, एक पती-वेर्दो. माझी सात, दोन, एक. तू म्हणालीस, "आन्सेल्म, तुला कडक म्हणजे चांगलं वाटतं." मी म्हणालो की कालवांवर लिंबू पिळून पांढरी वाइन पिणाऱ्यांनी आता आम्हाला शिकवू नये. ते मी म्हणायला नको होतं, हे मान्य. पण तूही वाडग्यात सूप अर्धं टाकून उठलीस! उरलेल्या सुपात वाइन ओतून वाडगा तोंडाला लावल्याशिवाय आपल्या घरातून कोणी उठलेलं नव्हतं. शाब्रो न करता उठलेली तू पहिली. तो वाडगा मी फळीवर पालथा घालून ठेवला, तो अजून तिथेच आहे. मार्सेलीन त्याच्यावरची धूळ पुसते आणि मी तिला पुसू देतो. आणि त्या वर्षीच्या वाइनची सगळ्या मेदोकात तारीफ झाली, हे तुझ्याही कानावर आलंच असेल.

असो. मन हलकं करावं म्हणून लिहिलं, मागणं काहीच नाही. गुडघ्याला ऊब दे. दाजींना पुन्हा नमस्कार.

तुझा धाकटा,
आन्सेल्म

ता. क. मी ये म्हणत नाही. पण शुक्रवारी बोर्दोहून दुपारी जी गाडी निघते, तिला काझिमीर घोडागाडी घेऊन स्टेशनवर असतो. त्याला तिथे काही काम नसतं, तो हवेसाठी जातो. कालवं आणलीस तर चालतील. लिंबू आमच्याकडे आहे.

ता. क. दुसरा. तुझी चिठ्ठी माझ्याकडे आहे. तू गेल्यावर मी माझ्या चिठ्ठीप्रमाणे मेळ करायला बसलो आणि हात उचलेना. मग तुझ्याप्रमाणे केला. तारीफ झाली ती त्याची. त्यानंतर आठ वर्षं दरवर्षी तोच केला, साडेपाच, साडेतीन, एक, ऊन असो की पाऊस. हे कोणाला कळलं तर मला मेदोकच्या हद्दीबाहेर नेऊन सोडतील. त्याआधी इतकी वर्षं आपल्या चिठ्ठ्या जुळायच्या, कारण तू लिहिताना तुझी पेन्सिल कशी हलते ते मी बघायचो. त्या वर्षी तू हाताची आड धरलीस. यंदा चिठ्ठी पाळायची म्हटली तर दोन पिंपं मेर्लोत तीनच काबेर्ने बसते आणि पाच पिंपं बाहेर राहतात, तीही अशा ऑक्टोबरची. चिठ्ठीला हे माहीत नाही.

ता. क. शेवटचा. मार्सेलीन म्हणते, खरं लिहायचंच तर सगळं लिहा. नाक गेल्या रविवारीच परत आलं. आधी कुत्र्याचा वास आला, मग कॉफीचा. मी तसाच अनवाणी कोठीत पळालो, काबेर्नेचं पिंप उघडलं, डोळे मिटले आणि खोल श्वास घेतला. वाइनचा वास आला. छान वाइनचा. ताई, मला आयुष्यभर एवढाच वास आलेला आहे.

तुझा वाडगा आज सकाळी सुलटा करून ठेवला.