हरेल त्याच्याकडे आजोबा

ता. ४ मार्च

चि. पदवीधरबाईंस आजोबांचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. दुधात पाणी घालणाऱ्यांना तू प्रयोगशाळेत पकडतेस, हे मी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. काकू म्हणते, आपल्या दूधवाल्यालाही तिचं नाव सांगून बघा, निदान चहाला तरी रंग येईल.

मोठी बातमी अशी, की आपल्या बेसबॉल लीगच्या अंतिम सामन्यात तुझ्या काकाचे हातोडे आणि तुझ्या बाबाचे भुंगे समोरासमोर आलेत. तुझ्या मैत्रिणी विचारतील, हे खेळतात कुठे? त्यांना सांग, कुठेच नाही. मैदान नाही, चेंडू नाही, खेळाडू तर जन्मालाच आलेले नाहीत. माझ्या कॉम्प्युटरात प्रत्येकाच्या नावापुढे आकडे आहेत, कोण किती जोरात मारतो, कोण किती लवकर दमतो. आठ मालक, आठ संघ. सगळे घरचे, नाहीतर माझ्याबरोबर लिफ्ट दुरुस्त करून गुडघे घालवलेले जुने गडी. सामन्याआधी मालक बंद पाकिटात सूचना पाठवतो, मी त्या भरतो, बटण दाबतो आणि पडद्यावर एकेक ओळ उमटत सामना होतो. बटण दाबल्यावर मालकाच्या हातात फक्त नखं खाणं उरतं.

यंदा माझी दोन्ही पोरं अशी काही पेटलीत, की विचारू नकोस. तुझा काका चष्म्याचं दुकान लवकर बंद करून आकडे घेऊन बसतो. बाबाचा फोन आला की पूर्वी तो उठून जायचा, आता दार लावून घेऊन भावाशी बोलतो. तुझी आजी गेल्यापासून एका टेबलावर न जेवलेले हे दोघं माझ्या खेळाने बोलायला लागले! मी फुगलोय म्हणालीस तरी चालेल.

सामन्याआधीचं पत्रक दरवर्षी मीच लिहितो, पण दोन्ही पोरं माझीच असल्यावर मी पक्षपाती ठरणार. यंदा तू लिही. कोण जिंकेल, का जिंकेल, सगळं. थेट आठही मालकांना पाठव. बापाची भीड ठेवू नकोस.

माया आहेच, पत्रातूनही दिसू दे.
तुझा लिफ्टवाला आजोबा

*

ता. ११ मार्च

चि. बाळीस बाबांचे आशीर्वाद. वि. वि.

तू विचारलेले आकडे सोबत पाठवतो. आमचा सगळा भरवसा चेंडू फेकणाऱ्या डावऱ्यावर. पहिले पाच डाव त्याच्या चेंडूला कोणी हात लावू शकत नाही. पुढे तो कधी दमतो आणि त्याला नक्की कधी काढावं, हे मला ठरवता येत नाही. फळ्या रंधून खिडक्या करणाऱ्या माणसाचं डोकं ते. तू आकडेशास्त्र शिकलीस. जरा बघ आणि मला कळव.

आता एक गोष्ट सांगतो, ती तुझ्या-माझ्यात ठेव. हा सामना नुसता सामना नाही. आजोबा चार वर्षं दादाकडे आहेत. दादा म्हणतो, आता तुझी पाळी. मी म्हणतो, जागा कुठे आहे? शब्दाला शब्द वाढला. शेवटी ठरलं, की अंतिम सामन्यात जो हरेल त्याने आजोबांना ठेवायचं. कायमचं. मग पुन्हा विषय काढायचा नाही.

तुला वाईट वाटेल, पण तू घरात नसतेस. मागे आठवडाभर आले होते तेव्हा तुझ्या आईला त्यांनी जेरीस आणलं. नळ उघडा, दिवा चालू, आणि दिवसभर तेच, अमक्या इमारतीच्या लिफ्टची तार मी कशी बदलली. तू आलीस की तुला खोली हवी म्हणून मी ती अडवून धरली आहे. आजोबा आले तर ती त्यांची. म्हणजे हे तुझ्यासाठीही आहे, समजलं?

त्यांना यातलं काही माहीत नाही. बटण तेच दाबणार, तेव्हा कोणी लबाडी केली असं दादालाही म्हणता येणार नाही.

डावऱ्याचं लवकर कळव. तुझ्यावर जीव लावून बसलेला,
तुझा बाबा

*

ता. १५ मार्च

ती. काकांस सा. न. वि. वि.

बाबांनी मला पैज सांगितली. त्यांना मी लगेच लिहिलं, पण उत्तराची वाट बघत बसवत नाही, म्हणून तुम्हाला लिहिते आहे. तुम्ही मोठे आहात.

काका, शाळेत असताना माझा नंबर काढून पहिला चष्मा तुम्ही मला बसवलात. दुकानाबाहेर नेऊन समोरच्या झाडाची पानं मोजायला लावलीत. ज्या माणसाने मला नीट बघायला शिकवलं, तो स्वतःच्या वडिलांना पैजेवर लावतो, हे माझ्या डोक्यात शिरत नाही. आजोबांना वाटतं आहे, की त्यांच्या खेळाने तुम्हा दोघांना जवळ आणलं. ते इतके खूश आहेत, की पत्र वाचताना मला रडू आलं.

पैज मोडा. तिघं समोरासमोर बसा आणि त्यांनाच विचारा, त्यांना कुठे राहायचं आहे. नाहीतर मी पत्रकात सगळं खरं लिहीन. माझं कामच ते आहे.

लहान तोंडी मोठा घास घेतला, तरी पूर्वीसारखीच आपली समजा.
तुमची पुतणी

*

ता. १९ मार्च

चि. सौ. सत्यवतीबाईंस काकाचे आशीर्वाद. (लग्न झालेलं नसलं तरी सौ. लिहिलं. तुमचं सत्याशी लागलेलं दिसतं.)

तुझं भाषण वाचलं. काकूलाही वाचून दाखवलं. ती तेव्हा आजोबांची चादर धूत होती, त्यामुळे टाळ्या वाजवू शकली नाही.

चार वर्षांत तुझा बाप इथे किती वेळा आला, ते त्याला विचार. आला की दारातून म्हणणार, अण्णा, तब्येत छान दिसते हो तुमची! छान दिसणारच. औषध वेळेवर द्यायला मी आहे. पैजेची कल्पनाही त्याचीच. मी फक्त हो म्हटलं, कारण हो म्हटल्याशिवाय तो माणूस फोन ठेवत नव्हता.

त्यांनाच विचारा म्हणतेस. बरं, विचारलं आणि ते म्हणाले धाकट्याकडे जातो, तर तुझा बाप दार उघडेल? आणि म्हणाले इथेच राहतो, तर पुढची सगळी वर्षं आम्ही त्यांच्या आवडीचे म्हणून चादरी धुवायच्या? विचारणं सोपं असतं, विचारणारा पत्रापुरताच घरात असला की.

पत्रकात लिहायचंय? लिही. शिकलेली मुलगी आहेस, शुद्धलेखन तरी बरं असेल. हातोड्यांचं कौतुक मात्र विसरू नकोस. आमचा भीम यंदा चेंडू मारतो की फोडतो, कळत नाही.

पानं मोजायला शिकवलं ते खरंच चुकलं.
तुझा काका

*

ता. २३ मार्च

ती. आजोबांस शि. सा. न. वि. वि.

पत्रक सोबत आहे. आठही मालकांना आजच टपालात टाकलं. शेवटचा परिच्छेद तुम्ही बसून वाचा. तुमच्यापासून लपवणं म्हणजे तुम्हाला सामान समजणं आहे, आणि ते मला जमणार नाही. तुम्हीच म्हणालात, बापाची भीड ठेवू नकोस.

तुमच्या पाठीशी नेहमी असलेली,
तुमची नात

अंतिम सामना: हातोडे आणि भुंगे

हातोड्यांकडे ताकद आहे. भीम आणि टकल्या यांनी यंदा बाकीच्या कुठल्याही जोडीपेक्षा जास्त होम रन मारले. पण हा संघ पायाने जड आहे. मारला तर पार बाहेर, नाहीतर जागच्या जागी बाद. त्यांचा फलंदाजामागे बसणारा गडी, पोतं, चेंडू अडवतो छान, पण दुसऱ्या बेसपर्यंत त्याची फेक पोचेपर्यंत पळणारा तिथे कपडे झटकून उभा असतो.

भुंगे नेमके इथेच डसतील. ससा आणि चिलट एकदा पहिल्या बेसवर पोचले, की पोत्याच्या डोळ्यांदेखत पळत जाऊन पुढचा बेस चोरतील. एकेका धावेने सामना जिंकणारा हा संघ आहे. प्रश्न डावऱ्याचा. सगळ्या मोसमाचे आकडे मी तपासले. पाचव्या डावापर्यंत तो अजिंक्य आहे, सहाव्यात बरा आहे आणि सातव्यात त्याची फेक भीमाच्या बॅटवर आयती येते. भुंग्यांच्या मालकांनी त्याला सहाव्यानंतर काढलं, तर भुंगे एका धावेने जिंकतील. मोह धरून ठेवलं, तर हातोडे.

वाचकांना आणखी एक गोष्ट कळायला हवी. या सामन्यावर पैज आहे. जो संघ हरेल, त्याच्या मालकाने या लीगच्या संस्थापकांना, म्हणजे स्वतःच्या वडिलांना, कायमचं आपल्या घरी ठेवायचं आहे. दोन्ही मालक जिंकण्यासाठी जिवाचं रान करत आहेत ते यासाठी. हे वाचून त्यांना लाज वाटली, तर पत्रकाचं काम झालं.

*

ता. ३१ मार्च

चि. नातीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्रक बसूनच वाचलं. लिहिलंयस छान. पोत्याच्या फेकीचं वाचून मी हसलो, तेव्हा पुढचा परिच्छेद वाचलेला नव्हता.

सामना रद्द करावा असं मनात आलं, पण पत्रक सगळीकडे पोचलेलं. माझे जुने गडी, ज्यांनी कधी सामना बघायला यायची तसदी घेतली नाही, ते सगळे रविवारी हजर. काकूच्या बैठकीत बसायला जागा नाही. कोणी सामना बघायला आलं नव्हतं गं. लिफ्टवाला कोणाला नको आहे, ते बघायला आले होते. आमचा ग्रीसवाला तर हळूच मला विचारतो, गड्या, तू स्वतः कोणत्या बाजूने? त्याला वाटलं, विनोद झाला.

तुझा बाबा शनिवारी नवं पाकीट देऊन गेला. पहिलं परत मागितलं. नव्यात सूचना होती, डावऱ्याला सहाव्यानंतर काढा. तुझ्या पत्रकातलीच, शब्दन् शब्द.

आकड्यांना हात लावायचं माझ्या मनात आलं होतं. पण कोणाच्या बाजूने लावू? आयुष्यात पहिल्यांदाच मला कळेना, कोणी हरावं. म्हणून नुसतं बटण दाबलं.

आठव्या डावापर्यंत बरोबरी. शेवटच्या, नवव्या डावात चिलटाने बेस चोरला, सशाने टोला दिला, आणि भुंगे एका धावेने पुढे. मग भीम बॅट घेऊन आला. तो बाद झाल्याची ओळ पडद्यावर उमटली आणि तुझा बाबा खुर्चीतून उडाला. दोन्ही हात वर! सुटलो, असं ओरडला. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि त्याला ते हात खाली घ्यायचंही सुचेना. तुझा काका भिंतीला टेकलेल्या काकूकडे वळून म्हणाला, घे, मिळाला चषक.

इथे आता कोणी माझ्याशी वाईट वागत नाही. बोलतच नाही. गल्लीत सगळ्यांना कळलंय, त्यामुळे ताट वेळेवर येतं, जरा जोरात ठेवलं जातं इतकंच. मला दुकानामागच्या खोलीत हलवलंय, जिथे फ्रेमचे खोके असतात. कॉम्प्युटरला तिथे जागा नाही.

बाळ, आडून बोलायची मला सवय नाही. पत्रकात दोनच घरं होती, मी दोनदा वाचलं. मी तुझ्याकडे येऊ का? स्वयंपाक मला येतो. दिवा लवकर बंद करीन.

उत्तराची वाट बघणारा,
तुझा आजोबा

*

ता. १४ एप्रिल

ती. आजोबांस शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, रागावू नका. तीनदा लिहून फाडलं.

बाबांशी मी बोलणं बंद केलं आहे. तुमच्याशी जे झालं ते अमानुष आहे, आणि मी हे सगळ्यांना सांगते. इथल्या मैत्रिणीही ऐकून हळहळल्या.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर. माझी खोली चौथ्या मजल्यावर आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही. तुमचे गुडघे बघता तुम्ही एकदा वर आलात की खाली उतरणार नाही. घरमालकीण खोलीत दुसरं माणूस चालवून घेत नाही. माझ्या कामाच्या पाळ्या बदलत्या आहेत आणि वरच्या परीक्षेचा अभ्यास सुरू आहे.

हे सगळं खरं आहे. पण तुम्हाला अर्धवट खरं सांगायचं नाही असं मी ठरवलं आहे. खाली जागा शोधता आली असती. एक बघितलीसुद्धा. पण आजोबा, माझ्या दाराला आतून कडी आहे, खिडकीत माझं टेबल आहे, आणि संध्याकाळी मी कोणाचीच मुलगी, पुतणी, नात नसते. आपल्या घरात हे आजवर कोणालाच मिळालं नाही. मला ते सोडवत नाही.

तुम्ही समजून घ्याल. घरात समजून घेणारे तुम्ही एकटेच आहात. खोक्यांच्या खोलीत ओल येत असेल तर काकांना सांगून खाट भिंतीपासून जरा लांब घ्या.

काकूंना नमस्कार. माझ्यावरची माया कमी करू नका.
तुमचीच,
नात